सिग्नलला ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रल करायची का? आधी आपली गाडी कोणती ते पाहा

घरात ऑटोमॅटिक गाडी आली की पहिल्या आठवड्यातच एक बहस सुरू होते. सिग्नल लाल होतो, गाडी थांबते आणि शेजारी बसलेले अब्बा म्हणतात, "न्यूट्रल कर ना, गिअरमध्ये कशाला उभी ठेवलीस?" मुलगा म्हणतो, "अब्बा, ही ऑटोमॅटिक आहे, हिला काही करावं लागत नाही." मागच्या सीटवर दुबईहून सुट्टीवर आलेले मामू असले की ते मुलाची बाजू घेतात. "आम्ही तिकडे पंधरा वर्षं डी मध्येच थांबतो, काही होत नाही." तोवर सिग्नल हिरवा होतो आणि विषय अर्धवट राहतो.

वाचकहो, गंमत अशी की यात अब्बाही चूक नाहीत आणि मामूही चूक नाहीत. दोघं ज्या गाड्यांवर शिकले त्या गाड्यांसाठी दोघांचं म्हणणं बरोबर होतं. अडचण एवढीच की आपल्याकडे सर्वात जास्त खपणारी छोटी ऑटोमॅटिक ही अब्बांच्या फियाटसारखीही नाही आणि मामूंच्या कोरोलासारखीही नाही. ती मधलीच एक चीज आहे. म्हणून "न्यूट्रल करायचं की नाही" याचं एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला आधी विचारा, कोणती ऑटोमॅटिक?

अब्बांच्या पिढीचं आधी पाहू. टॅक्सी असो, टेम्पो असो की भिवंडीच्या रस्त्यावरचा ट्रक, क्लच पायाने दाबायचा असायचा. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलं की क्लचच्या बेअरिंगवर सतत भार येतो, पाय दुखतो आणि पाय चुकून सुटला तर गाडी उडी मारून पुढच्याला ठोकते. म्हणून उस्तादांनी शिकवलं, थांबलास की न्यूट्रल. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, आणि मॅन्युअल गाडीसाठी आजही आहे.

मामूंचं वेगळं. आखातात वर्षानुवर्षं ऑटोमॅटिकच जास्त चालते, आणि जुन्या-नव्या बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचं काम समजायला दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद. चालू फॅनच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असतं, बाकी तत्त्व तेच. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. दोघांमध्ये घट्ट जोडणी नाही, फक्त तेल. तुम्ही डी मध्ये ब्रेक दाबून थांबलात की दुसरा पंखा हाताने धरून ठेवल्यासारखा थांबतो आणि पहिला तेल घुसळत राहतो. काही घासत नाही, काही तुटत नाही. थोडी उष्णता तयार होते, ती गिअरबॉक्सचं तेल आणि त्याचा कूलर वाहून नेतो. गाडी बनवणाऱ्याने हे सगळं गृहीत धरलेलं असतं. अशा गाडीत मिनिटभराच्या सिग्नलला न्यूट्रल केलं नाही म्हणून गिअरबॉक्स खराब होत नाही.

उलट काही लोक सांगतात की दर सिग्नलला डी-एन, एन-डी केलं तर गिअरबॉक्स झिजतो. यातही अर्धंच खरं आहे. डी टाकला की आतल्या क्लच प्लेट तेलाच्या दाबाने जुळतात, म्हणजे प्रत्येक वेळी त्यांना थोडं काम पडतं. पण इंजिन शांत चालू असताना, ब्रेक दाबून टाकलेल्या डी मुळे होणारी झीज अगदी किरकोळ. नुकसान होतं ते वेगळ्या सवयीने. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, घाबरून आधी ॲक्सिलरेटर दाबला आणि मग लक्षात आलं की गाडी एन मध्ये आहे. इंजिन ओरडतंय आणि त्यात डी टाकला. तो जो 'धाड' असा झटका बसतो, तो गिअरबॉक्सला खरा महाग पडतो. गाडी उडी मारते ते वेगळंच.

आता आपल्या गल्लीतल्या गाड्यांकडे येऊ. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि तिच्यासोबत एएमटी नावाचा प्रकार स्वस्त गाड्यांत आला. मारुती त्याला एजीएस म्हणते, ह्युंदाई स्मार्ट ऑटो म्हणते, रेनो ईझी-आर म्हणते. वॅगन-आर, अल्टो के-१०, टियागो, पंच, एक्स्टर, नाव काहीही असू द्या, आत एकच गोष्ट आहे. गिअरबॉक्स मॅन्युअलचाच. क्लच प्लेटही मॅन्युअलचीच, कोरडी. फरक इतकाच की क्लचचं पेडल तुमच्या पायाऐवजी एक यंत्र दाबतं आणि गिअरही तेच बदलतं. म्हणजे गाडीत एक न दिसणारा ड्रायव्हर बसवलाय आणि त्याचा डावा पाय क्लचवर आहे, असं समजा.

हे एकदा डोक्यात बसलं की उत्तर आपोआप सापडतं. एएमटी डी मध्ये ब्रेक दाबून उभी आहे, तेव्हा त्या अदृश्य ड्रायव्हरने क्लच दाबून धरलाय. प्लेट सुटलेली आहे, घासत नाही. म्हणजे पाच-दहा सेकंदांच्या थांब्याला काही करायची गरज नाही. पण दोन मिनिटांचा सिग्नल असेल, रेल्वे फाटक बंद असेल, तर तो बिचारा तितका वेळ क्लच दाबूनच बसणार. अब्बांनी मॅन्युअलसाठी सांगितलेली गोष्ट इथे लागू पडते. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, त्यालाही मोकळं करा. एएमटीत लांब थांब्याला न्यूट्रल ही चांगली सवय आहे, आमचं मत इथे स्पष्ट अब्बांच्या बाजूने आहे.

मात्र एएमटीचा क्लच सिग्नलला उभं राहून जळत नाही. तो जळतो रांगेत सरकताना आणि चढावर.

ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडला की एएमटी हळूच पुढे सरकते. ड्रायव्हिंग स्कूलच्या भाषेत हा 'हाफ क्लच' आहे. प्लेट अर्धी चिकटलेली, अर्धी घसरत. कुर्ल्याच्या एलबीएस रोडवर किंवा कोंढव्यात संध्याकाळी अर्धा तास दोन-दोन फूट सरकत राहिलात तर तो अर्धा तास प्लेट घासत राहते. त्यापेक्षा ब्रेक घट्ट दाबून थांबा, पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या, क्लच प्लेटचं बिल तो देणार नाही.

चढाचं तर विचारूच नका. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी हलक्या चढावर डी मध्ये जागीच थांबते, कारण तेलाचा जोर तिला पुढे ढकलत असतो. आखातातून आलेल्या माणसाला ही सवय लागलेली असते. तो एएमटी चढावर उभी करतो, ती मागे सरकते, मग तो ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला जागेवर धरून ठेवतो. गाडी उभी, इंजिन चालू, प्लेट पूर्ण जोरात घसरतेय. काही मिनिटांतच जळका वास केबिनमध्ये येतो. कुठल्याही एएमटीला, आणि पुढे सांगतो त्या ड्युअल क्लचलाही, चढावर फक्त ब्रेकने धरायचं. काही गाड्यांत हिल होल्ड असतो, पण तो ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंदच गाडी धरतो. ती सोय पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेण्यापुरती आहे, थांबून राहण्यासाठी नाही. जुन्या मॉडेलमध्ये तेही नाही. तिथे हँडब्रेक ओढून, हलका ॲक्सिलरेटर देऊन, गाडीने जोर धरला की हँडब्रेक सोडायचा. हे अब्बांना येतं, त्यांच्याकडून शिकून घ्या.

मुंबईकरांना यासाठी घाटात जायची गरज नाही. जे. जे. उड्डाणपूल, ज्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचं नाव दिलं आहे, तिथे रांग उतारापर्यंत मागे आली की गाडी तिरकीच उभी राहते. अशा जागी न्यूट्रल करून पाय ब्रेकवरून काढला आणि हँडब्रेक ओढला नाही, तर गाडी सरळ पुढच्यावर जाते. सपाट वाटणाऱ्या रस्त्यालाही थोडा उतार असतो. मोबाइलकडे पाहत बसलेल्याला आपली गाडी सरकतेय हे कळतच नाही.

बाकीच्या प्रकारांचं पटकन. सीव्हीटी, म्हणजे होंडा सिटी-अमेझमध्ये असते ती, दोन पुली आणि मधल्या पोलादी पट्ट्यावर चालते. आपल्याकडच्या बहुतेक सीव्हीटीत पुढे टॉर्क कन्व्हर्टर असतोच, त्यामुळे सिग्नलपुरता तिला मामूंचा नियम लावा. अर्टिगा आणि ब्रेझाची ऑटोमॅटिकही टॉर्क कन्व्हर्टरची आहे, एजीएसची नाही. एकाच शोरूमच्या दोन गाड्यांत इतका फरक असतो. ड्युअल क्लच म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी, यात दोन क्लच असतात. ब्रेक घट्ट दाबला की दोन्ही सुटतात, म्हणून थोड्या थांब्याला डी चालतो. पण ब्रेक अर्धवट दाबून गाडी सरकू द्यायची, पुन्हा दाबायचा, हा खेळ कोरड्या क्लचच्या डीसीटीला अजिबात मानवत नाही. उन्हाळ्यात जॅममध्ये स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन थांबा, सूचना जाईपर्यंत. हायब्रिड गाडीत मात्र एन मध्ये बॅटरी चार्ज होत नाही, त्यामुळे हायराइडर किंवा हायक्रॉसवाल्यांनी जॅममध्ये एन लावून बसायची सवय ठेवूच नये. तिथे सिग्नलला इंजिन बहुतेक वेळा स्वतःच बंद असतं. इलेक्ट्रिक गाडीत तर थांबल्यावर फिरायला इंजिनच नाही, तिथे हा मसलाच उरत नाही.

आपली गाडी कोणती हे कसं ओळखायचं? गिअरच्या दांड्याजवळ पाहा. तिथे पी नसेल, फक्त आर, एन आणि डी (किंवा ए) असेल, तर ती बहुतेक एएमटी आहे. पी असेल तर गाडीच्या पुस्तकात नाव पाहा. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. थांब्याबद्दल त्यात जे लिहिलंय ते आमच्या लेखापेक्षा वरचं माना, कारण कंपनीने आपल्या गाडीसाठी ते लिहिलंय.

आता पेट्रोलचा प्रश्न, कारण बहस शेवटी तिथेच येते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत डी मध्ये इंजिनवर थोडा भार राहतो, म्हणून एन मध्ये किंचित कमी पेट्रोल लागतं. किती? हिशेब करू. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, एसी चालू असला की वरच्या बाजूला. आपण ०.८ लिटर धरू. रोज १० सिग्नल, प्रत्येकी १ मिनिट, म्हणजे १० मिनिटं, म्हणजे साधारण १३० मिली. त्यातला पाचवा भाग न्यूट्रलने वाचला असं उदारपणे धरलं तरी रोजचे २५-२६ मिली. महिन्याचे २५ दिवस धरले तर साधारण ६५० मिली. लिटरला १०० रुपयांच्या हिशेबाने ६५ रुपये. वाईट नाही, पण यासाठी घरात आवाज चढवायची गरज नाही. एएमटीत तर क्लच आधीच सुटलेला असतो, तिथे पेट्रोलचा फरक जवळपास शून्य.

खरी बचत इंजिन बंद करण्यात आहे. वरच्याच हिशेबाने महिन्याचे सव्वातीन लिटर, म्हणजे सव्वातीनशे रुपये. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' मोहीम सुरू केली होती ती हवेच्या प्रदूषणासाठी, पण पैशांचा हिशेबही त्यात बसतो. अर्थात मे महिन्यात गाडीत बुजुर्ग आणि लहान मुलं असताना एसी बंद करा असं आम्ही सांगणार नाही. काउंटर ९० सेकंदांवर असेल तर बंद करा, १५ वर असेल तर राहू द्या.

पेट्रोल वाचवायच्या याच विचारातून एक घातक सवय येते, तिच्याबद्दल इथेच बोलून घेऊ. लाल दिवा दुरून दिसला की काहीजण दोनशे मीटर आधीच न्यूट्रल करून गाडी सोडून देतात. त्याहून वाईट म्हणजे घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे बचत तर नाहीच, उलटा खर्च. आणि इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. पुण्यात कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर आणि बोरघाटात अवजड वाहनांना न्यूट्रलमध्ये उतरू नका असं वारंवार का बजावलं जातं, ते यातून कळेल. ईदच्या सुट्टीत कोकणात गावी जाणाऱ्या कुटुंबांनी परशुराम घाटात तरी हा प्रयोग करू नये. एन फक्त पूर्ण थांबल्यावर.

आणि पी? सिग्नलला पी टाकू नये, असं आमचं सरळ म्हणणं आहे. दांडा डी वरून पी कडे नेताना तो आर वरून जातो, क्षणभर मागचे पांढरे दिवे लागतात आणि मागचा बाइकवाला दचकतो. शिवाय पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक छोटा लोखंडी दात गाडी अडवून ठेवतो. मागून कुणी धडक दिली तर सगळा धक्का त्या दातावर जातो. पी ही पार्किंगसाठी आहे.

धडकेवरून आठवलं. आम्हाला या सगळ्या विषयात क्लच आणि पेट्रोलपेक्षा मोठी फिक्र वाटते ती समोरच्या झेब्रा क्रॉसिंगची. पहिल्या रांगेत तुमची गाडी डी मध्ये उभी आहे, समोरून शाळेची मुलं जात आहेत. मागच्या सीटवर पाण्याची बाटली पडली, तुम्ही वळलात, ब्रेकवरचा पाय सैल झाला. गाडी निघाली. डी मध्ये ऑटोमॅटिकला निघायला ॲक्सिलरेटर लागत नाही. मागून धडक बसली तरी तेच, पाय ब्रेकवरून उडतो आणि कधीकधी ॲक्सिलरेटरवर पडतो. एन आणि हँडब्रेक असेल तर गाडी ढकलली जाईल तेवढीच जाईल, स्वतःच्या जोराने धावणार नाही. म्हणून गाडी कोणतीही असो, पहिल्या रांगेत लांब सिग्नल असेल तर एन आणि हँडब्रेक. रमजानमध्ये मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात तर नक्कीच, कारण त्या वेळी चालवणारा थकलेला असतो, घाई असते आणि रस्ता ओलांडणाऱ्यालाही घाई असते.

रांगेत शेवटी उभे असाल, रात्र असेल, तर मात्र मागे कुणी येऊन थांबेपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवा. हँडब्रेक ओढल्याने मागचे लाल ब्रेक दिवे लागत नाहीत, आणि हायवेवरून येणाऱ्याला तुम्ही थांबलेले आहात हे त्या दिव्यांवरूनच कळतं. ज्यांच्या गाडीत ऑटो होल्डचं बटण आहे त्यांना याची काळजी नाही. ते गाडीही धरून ठेवतं आणि दिवेही लावून ठेवतं.

आणखी एक प्रकार आपल्या मोहल्ल्यांत रोज दिसतो. दुकानासमोर गाडी थांबवली, इंजिन चालू, गिअर डी किंवा एन मध्ये, आणि चालवणारा "एक मिनिट" म्हणून ब्रेड आणायला उतरला. आत मुलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालकाच्या सीटवर लायसन्सधारक नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. पुढच्या सीटवरचं सहा वर्षांचं मूल डीचा दांडा ओढू शकतं का, हे एकदा घरी गाडी बंद असताना करून पाहा.

नव्याने ऑटोमॅटिक शिकणाऱ्या बहिणींसाठी आणि साठीनंतर पहिल्यांदा क्लचविना चालवणाऱ्या अब्बांसाठी सिग्नल सुटतानाचा क्रम तेवढा सांगून ठेवतो. काउंटर १० वर आला की ब्रेक दाबा. मग दांडा डी वर घ्या. मग हात काढायच्या आधी मीटरमधलं अक्षर वाचा, कारण घाईत एन वरून डी ऐवजी आर पडणं काही एएमटी गाड्यांत सहज होतं. अक्षर डी दिसलं की हँडब्रेक सोडा. ब्रेकवरचा पाय हिरवा दिवा लागल्यावर आणि समोरचं शेवटचं माणूस फुटपाथवर चढल्यावर काढा.